निवृत्तीनंतर आरव्हीनं फिरायचंय, पण जोडीदार ‘नको’ म्हणतोय

आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली, चाकांवरच्या घरासारखी गाडी. तिचं वेड दोघांना एकदम क्वचितच लागतं. आधी एकाला लागतं. मग ते माणूस, नवरा असो की बायको, महिनोन्‌महिने व्हिडिओ बघतं, मॉडेलांची नावं तोंडपाठ करतं, हिवाळा ॲरिझोनात आणि उन्हाळा मोंटानात असा नकाशा मनातल्या मनात आखून ठेवतं. एका संध्याकाळी हे सगळं जोडीदारापुढे एका दमात मांडलं जातं. जोडीदारानं त्या क्षणापर्यंत या गोष्टीचा विचारही केलेला नसतो. साहजिकच उत्तर येतं, ‘मला नाही जमायचं.’ मग सुरू होतो आकड्यांचा आणि फोटोंचा मारा, आणि दर खेपेला तो नकार आणखी घट्ट होत जातो.

माझं मत सरळ आहे. आरव्हीचे फायदे सांगणं आजपासून बंद करा. नकारात नेमकं काय अडलंय ते शोधा, तेवढंच सोडवा, आणि जिथून सहज मागे फिरता येईल असा एक छोटा प्रयोग समोर ठेवा. खालचं सगळं अमेरिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, कारण कॅम्पग्राउंड (गाडी लावून मुक्काम करायच्या जागा), हुकअप (तिथल्या वीज-पाण्याच्या जोडण्या), भाड्याच्या गाड्या हा सगळा पसारा सगळ्यात मोठ्या प्रमाणात तिथेच उभा आहे.

आधी ‘नको’ची फोड करा

एका ‘नको’त पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात, आणि बोलणाऱ्याला स्वतःलाही त्या सुट्या करून दिसतातच असं नाही. म्हणून ‘का नको?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस बचावाच्या पवित्र्यात उत्तर देतो. त्याऐवजी विचारा: ‘समज, आपण तीन रात्रींसाठी गेलो, तर त्यातला सगळ्यात नकोसा भाग कोणता वाटेल?’ मग गप्प बसा. उत्तरावर तोडगा लगेच सुचला तरी त्या दिवशी सांगू नका. कागदावर लिहून घ्या. तुम्ही लिहून घेताय हे दिसलं की पुढचं खरं कारण बाहेर येतं, आणि ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर असतं.

ही कारणं सहसा अशी निघतात. एवढी मोठी गाडी चालवायची भीती, किंवा तुम्ही ती चालवत असताना शेजारी बसायची भीती. संडास. झोप. रस्त्यात काही झालं तर डॉक्टर कुठे शोधायचा. नातवंडांपासून लांब जाणं. आणि दोन कारणं सहसा कोणी मोठ्यानं बोलत नाही: चोवीस तास एकाच खोलीत तुमच्याबरोबर राहणं, आणि स्वतःचं घर सुटणं. इतकी वर्षं मांडलेलं घर, शेजार, बाग, ठरलेल्या दिवशी भेटणाऱ्या मैत्रिणी किंवा मित्र हे काहींच्या निवृत्तीचं मुख्य सुख असतं. तुम्ही ज्याला ‘मोकळं होणं’ म्हणता ते त्यांच्या दृष्टीनं हातातलं काढून घेणं असतं. हे कारण निघालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्यावर कुठलंही तांत्रिक उत्तर नाही.

तुम्हाला वर्षभर रस्त्यावरच राहायचं असेल तर तेही आत्ताच उघड सांगा. पण ‘घर विकू’ हे वाक्य निदान पहिलं वर्ष चर्चेतून बाद. घर राहतं, खोल्या राहतात, परतीची तारीख ठरलेली असते, एवढं कळलं तरी अर्ध्या घरांत बोलणं सुरळीत सुरू होतं.

आरव्हीच्या प्रदर्शनाला नेऊ नका

पहिली पायरी म्हणून बरेच जण जोडीदाराला आरव्ही शोला घेऊन जातात. माझ्या मते हा सगळ्यात वाईट मार्ग. तिथे शेकडो गाड्या, पायपीट, आणि प्रत्येक दारात एक विक्रेता. जोडीदाराला तिथे दिसतं ते एवढंच, की हा माणूस लाखभर डॉलरची वस्तू घ्यायला निघालाय.

त्याऐवजी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी एखाद्या डीलरकडे जा, ‘आज काही घेणार नाही, फक्त बघणार’ असं स्पष्ट सांगा आणि दोन-तीनच गाड्या बघा. प्रकार साधारण चार. बसच्या आकाराची क्लास ए. व्हॅनमध्येच बसवलेली क्लास बी. ट्रकच्या सांगाड्यावरची, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली क्लास सी. आणि गाडीमागे ओढायचे ट्रेलर. ओढायच्या प्रकारातला फिफ्थ व्हील पिकअपच्या मागच्या भागात जोडला जातो. नवख्या जोडप्याला तपासून बघायला क्लास सी किंवा छोटा ट्रेलर ठीक. व्हॅन चालवायला सोपी, पण आत दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही, आणि ज्याला मुळातच जागेची धास्ती आहे त्याच्या हाती ती आयतं कारण देते.

आत गेल्यावर वैशिष्ट्यांची यादी वाचू नका. चार गोष्टी करून बघा. दोघंही पलंगावर आडवे व्हा. कित्येक लहान गाड्यांत पलंग कोपऱ्यात असतो आणि भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. या वयात रात्री दोनदा उठणं काही विशेष नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग ही चैन समजू नका. मग संडासात जाऊन दार लावून बसा, कोपर कुठे लागतं ते बघा. काही गाड्यांत शॉवर आणि कमोड एकाच कोंदट खोलीत असतात, आंघोळ झाली की सगळं ओलं. काहींत शॉवर वेगळा असतो. नाखूश जोडीदारासाठी वेगळा शॉवर असलेलीच घ्या. तिसरी गोष्ट, एक जण ओट्यापाशी उभा असताना दुसऱ्यानं मागून जाऊन बघायचं. चौथी, दोघांनी एकमेकांकडे पाठ करून वाचत बसता येईल अशा दोन जागा आहेत का? चोवीस तासांच्या सहवासाची जी भीती कोणी बोलत नाही, तिचं उत्तर या दोन जागांत असतं.

भाड्यानं घ्या, आणि पैशाचं खरं सांगा

पहिल्या सहलीआधी विकत काहीही घ्यायचं नाही. नवी आरव्ही दुकानातून बाहेर पडताच तिची किंमत घसरू लागते, आणि ‘नाही आवडलं तर विकू’ हे जोडीदाराला दिलेलं आश्वासन मग महागात जातं.

भाड्याचा जाहिरातीतला दर हा पूर्ण खर्च नसतो, हे आधीच समजून घ्या. मैलांचे वेगळे पैसे, जनरेटर चालवलेल्या तासांचे वेगळे, साफसफाई, विमा, अनामत रक्कम, कॅम्पग्राउंडचं भाडं आणि इंधन. तुमच्या कारचा विमा भाड्याच्या मोटरहोमला लागू होईल असं गृहीत धरू नका, एजंटला विचारा. क्रेडिट कार्डावरचं भाड्याच्या गाडीचं संरक्षणही आरव्हीला बऱ्याचदा लागू नसतं. हे सगळं एका कागदावर मांडून पूर्ण आकडा जोडीदाराला दाखवा. आधी कमी सांगून नंतर बिल वाढलं, तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास बसणार नाही.

एक बाजू मात्र खरोखर स्वस्त आहे. वय ६२ किंवा अधिक असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास मिळतो: वर्षाला २० डॉलर, आजन्म हवा तर ८०. या पासवर केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांत जागेचं भाडंही निम्मं होतं. आरव्हीचं पुढे काही झालं नाही तरी हा पास कारनं फिरायलाही चालतो, म्हणून मी तो आधी काढायला सांगतो.

गाडी चालवण्याची भीती

बहुतेक राज्यांत २६,००० पाउंडांखालच्या मोटरहोमला साधा कार परवाना चालतो. त्याहून अवजड किंवा लांब गाड्यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमसाठी वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. भाड्यानं मिळणाऱ्या २५ फुटी क्लास सीला यातलं काही लागत नाही.

परवाना असला म्हणून भीती जात नाही. रविवारी सकाळी एखादं मोठं रिकामं पार्किंग गाठा. रहदारीचे दोन शंकू ठेवा आणि वळताना मागचा भाग उलट दिशेला किती बाहेर झुकतो ते दोघांनीही उतरून, बाहेरून बघा. मग आधी जोडीदाराला चालवू द्या. हो, आधी. शेजारी बसून घाबरणारं माणूस स्वतः चाक हातात घेतं तेव्हा गाडी ताब्यात राहते हे त्याला हातांनी कळतं, आणि तुम्हाला शेजारी बसल्यावर कसं वाटतं ते कळतं. तिथे फक्त तुम्ही सूचनांचा भडिमार करायचा नाही.

दोघांनाही चालवता येणं ही सुरक्षेचीही गरज आहे. चालवणाराच आजारी पडला तर दुसऱ्याला वीज-पाण्याच्या जोडण्या काढून गाडी जवळच्या रुग्णालयापर्यंत नेता आली पाहिजे. जोडीदाराला महामार्गावर रोज चालवायचं नसेल तर नको, पण एवढं यायलाच हवं.

उंची लक्षात ठेवा. क्लास सीची उंची साधारण १० ते १२ फूट असते आणि फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला ती ठाऊक नसते. कमी उंचीचे पूल तो खुशाल सुचवतो. गाडीची लांबी-उंची भरता येते असं आरव्हीसाठीचं नॅव्हिगेशन वापरा. काही रस्ते सरळ बंद असतात. ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या मधल्या, डोंगराळ टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहन नेता येत नाही. पहिल्या सहलीला तिकडे जायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको.

टाकीचं काम तुमचं

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात: ताज्या पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. तिसरी रिकामी करायची कल्पनाच अनेकांना परतवून लावते. इथे वाटाघाट नको. ज्याला आरव्ही हवी आहे, त्यानं ती टाकी रिकामी करायची, कायमची. हातमोजे घालायचे, नळी घट्ट जोडायची, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्यानं नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आणि ती दुसऱ्या कप्प्यात. कॅम्पग्राउंडवर मैला-नळीची जोडणी असली तरी मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट ते तळाशी साचतं आणि वास येतो.

शिवाय पहिल्या सहलीसाठी कॅम्पग्राउंड निवडताना तिथलं स्वच्छतागृह बघा. चांगलं असलं तर आतला संडास फक्त रात्रीपुरता लागतो. आंघोळही तिथेच करा, कारण बऱ्याच गाड्यांत गरम पाण्याची टाकी सहाच गॅलनची, म्हणजे २३ लिटरच्या आसपास असते. लांबलचक शॉवरची सवय असलेल्याला ती नक्कीच दगा देते.

औषधं, डॉक्टर आणि मेडिकेअर

ही काळजी खरी आहे आणि ‘होईल काहीतरी’ म्हणून झटकायची नाही. मेडिकेअर म्हणजे अमेरिकी सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा. मूळ मेडिकेअर घेतलेल्यांना देशभरात मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं. मेडिकेअर ॲडव्हांटेज (खासगी कंपन्यांमार्फत मिळणारा तिचा प्रकार) असेल तर तातडीचा उपचार कुठेही मिळतो, पण नेहमीच्या तपासण्या बहुधा तुमच्या भागातल्या ठरावीक डॉक्टरांकडेच कराव्या लागतात. तीन महिने बाहेर राहायचा विचार असेल तर योजनेच्या माणसाशी बोलल्याशिवाय निघू नका. कॅनडात मेडिकेअर जवळजवळ चालत नाही. सीमा ओलांडायची तर प्रवासी आरोग्य विमा हवा.

औषधं अशा फार्मसी साखळीतून घ्या जिची दुकानं राज्याराज्यांत आहेत. सीपॅप (झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं यंत्र) वापरत असाल तर विजेची जोडणी असलेलीच जागा घ्या, कारण अनेक सरकारी कॅम्पग्राउंडांत रात्री जनरेटर चालवता येत नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर गाडी समतल उभी करा; गॅसवर चालणारे जुन्या पद्धतीचे फ्रिज तिरके उभे राहिले की नीट गार करत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळतीचे अलार्म भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच दाबून बघा.

‘म्हातारपणी फिरणं झेपेनासं झालं तर?’ हा प्रश्न पूर्णवेळ फिरणाऱ्यांनाही पडतो. एस्केपीज हा १९७८ साली सुरू झालेला आरव्हीवाल्यांचा क्लब. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन इथे त्यांचं मुख्यालय आहे आणि तिथेच, आजारपणामुळे थांबावं लागलेल्या सभासदांना स्वतःच्या आरव्हीत राहून मदत मिळावी म्हणून केंद्रही चालतं. तिथे जा असं मी म्हणत नाही. पण या भीतीचा विचार इतरांनीही केला आहे, हे जोडीदाराला ठाऊक असावं.

पहिली सहल: जवळ, छोटी, सोयीची

तीन रात्री. एक कमी नाही, कारण पहिली रात्र नेहमीच वाईट जाते: अनोळखी आवाज, अरुंद पलंग, दिवे कुठे आहेत ते सापडत नाहीत. एकाच रात्रीत परतलात तर जोडीदाराला आठवेल ती फक्त ती रात्र. मुक्काम एकाच जागी, घरापासून दोन तासांच्या आत, वीज-पाणी-मैलानळी अशा तिन्ही जोडण्या असलेल्या जागी. हवा चांगली असेल असा महिना. जंगलातला एकांत, सौरऊर्जा, पाणी जपून वापरणं ही तुमची हौस आहे, ती पुढे कधीतरी.

आणखी हलकी सुरुवात हवी असेल तर दोन वाटा आहेत. काही ट्रेलरमालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, जोडण्या करून, उभा करून देतात. तुम्ही कारनं जायचं, कारनं परतायचं; गाडी ओढण्याचा आणि मागे घेण्याचा प्रश्नच निकाली निघतो. दुसरी वाट म्हणजे आरव्ही पार्कातली केबिन. १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये सुरू झालेल्या केओएसारख्या साखळीच्या पार्कांत आरव्हीच्या जागांबरोबर केबिनही मिळतात. संध्याकाळी फेरफटका मारा. खुर्च्या टाकून बसलेले लोक स्वतःहून बोलतात, आणि जोडीदाराला तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी माहिती मिळते. त्या गप्पांत तुम्ही तोंड घालू नका.

दुपारी दोन-तीनच्या आत पोचा. अंधारात, दमलेले, भुकेले असताना अनोळखी जागेत २५ फुटी गाडी मागे घेणं ही भांडणाची खात्रीशीर कृती आहे. शक्य असेल तर ‘पुल-थ्रू’ जागा मागा, म्हणजे मागे घ्यावीच लागत नाही. घ्यावी लागली तर आधी दोघांनी उतरून खांब, फांद्या आणि विजेची पेटी बघा. बाहेर उभं राहणाऱ्यानं नेहमी आरशात दिसेल असं उभं राहायचं, आणि तो दिसेनासा झाला की चालकानं त्याच क्षणी थांबायचं. ओरडण्याऐवजी फोनवर बोला. ‘डावीकडे’ कोणाची डावी, हे निघण्याआधीच ठरवा.

पार्कातली जोडणी ३० अँपिअरची असेल तर साधारण ३,६०० वॅट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावले की ब्रेकर पडतो. गाडी बिघडली असं वाटून घाबरायला होतं, म्हणून हे जोडीदाराला आधी सांगून ठेवा.

सहलीतला एक अख्खा दिवस जोडीदाराच्या आवडीचा. पक्षी, जुनी बाजारपेठ, संग्रहालय, नुसतं पुस्तक, काहीही. आणि त्या दिवशी ‘बघ, किती छान वाटतंय!’ हे वाक्य उच्चारायचं नाही.

परतल्यावर

गाडी परत केल्याच्या संध्याकाळी निकाल मागू नका. आठवडाभर विषय काढू नका, मग तोच जुना कागद काढून एकेक ओळ वाचा: ही भीती खरी ठरली का? काही खोडल्या जातील, काही नव्या लिहाव्या लागतील. उत्तर ‘चालेल, पण’ असं आलं तर त्या ‘पण’पुढच्या अटी पुढच्या सहलीत पाळायच्या. दिवसाला दोनशे मैलांपेक्षा जास्त नाही आणि एका जागी किमान दोन रात्री, हा बऱ्याच जोडप्यांना मानवणारा वेग. लांबच्या बेतात नातवंडांचं गाव वाटेवर घ्या. तिथे त्यांच्या अंगणात गाडी लावायला शहराची आणि सोसायटीची परवानगी असते का ते आधी विचारून घ्या. महिन्याभराच्या आत परतणार असाल तर पोस्ट तुमची पत्रं ३० दिवसांपर्यंत धरून ठेवतं. त्याहून जास्त दिवस घर रिकामं राहणार असेल तर घराच्या विम्यातली रिकाम्या घराची अट वाचा.

उत्तर ठाम नकार असलं तर तेही उत्तर आहे, आणि त्यानंतर पुन्हा प्रचार सुरू केला तर आधीचं ऐकणं नाटकी ठरेल. पण एकाच्या ‘नाही’मुळे दुसऱ्यानं घरीच बसावं असंही नाही. काही जोडपी वर्षातून एकदाच, दोन आठवडे, भाड्याच्या गाडीत जातात आणि तेवढ्यावर दोघंही खूश असतात. काहींमध्ये हौशी माणूस लहान व्हॅन घेऊन एकटं किंवा मित्रांबरोबर पुढे निघतं, आणि दुसरं विमानानं येऊन आठवडाभर सामील होतं. अशा वेळी त्या आठवड्याचा मुक्काम कुठे, आणि त्यातल्या किती रात्री हॉटेलात, हे विमानानं येणाऱ्यानं ठरवायचं.